तुम्ही विचारलंत म्हणून: नवा सेन्सर घातला, तरी दिवा का लागतो?

"ऑक्सिजन सेन्सर नवा घातला, तरी चेक इंजिनचा दिवा आठवड्यात परत आला. असं का?" बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या गॅरेजवर पावसाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. (हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, त्यावरून इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरतं.) स्कॅनरवर बहुतेक वेळा कोड असतो पी०१३५.

कोडात सेन्सरचं नाव दिसतं, म्हणून लोक सेन्सरच बदलतात. पण तक्रार असते हीटरच्या सर्किटची. त्यात फ्यूज, वायर, कनेक्टर, हीटर, ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर) सगळंच आलं. सेन्सरचं झिर्कोनियाचं (एक प्रकारच्या सिरॅमिकचं) टोक ३०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट काम करत नाही. नुसत्या धुरावर तापायला वेळ लागतो, म्हणून आत हीटर दिलेला असतो. इंजिनाजवळच्या सेन्सरचा हीटर बंद पडला की थंड गाडी जास्त वेळ अंदाजानेच पेट्रोल घेते. गाडी चालते, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही, पण ॲव्हरेज उतरतं.

गेल्या जुलैत कणकुंबीचे एक काका आले. सेन्सर बदलून झाला होता, दिवा तसाच.

"काका, जुना सेन्सर टाकलात का?"

"नाही, डिकीत हाय की. बघ रे नीट, परत खर्च नको."

चार वायरींतल्या एकाच रंगाच्या दोन वायरी बहुधा हीटरच्या. जुन्या सेन्सरवर त्या दोन्हींमध्ये ६ ओहम आले. थंड हीटरला बऱ्याच गाड्यांत इतकेच लागतात. म्हणजे चांगला सेन्सर काढून ठेवला होता! मला खरंच वाईट वाटलं.

मग चावी ऑन करून कनेक्टरच्या सप्लायवर मल्टिमीटर लावला. १२.३ व्होल्ट. इथंच थांबणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शाबूत असली तरी तो १२ दाखवतो. मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब त्या सप्लायवर आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर लावला. बल्ब निरांजनाएवढाच मिणमिणला, व्होल्टेज ५ वर आला. (ईसीएमकडून येणाऱ्या वायरीवर मात्र असा बल्ब लावू नका, बॅटरी काढून ती वायर सलग आहे का, ते मीटरवर बघा.)

फ्यूजबॉक्सकडून वायर चाचपत गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली कुणीतरी पूर्वी नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली होती. टेप सोडली तर आत पाणी, तांबं हिरवं पडून भुगा झालेलं, एकच तार तगलेली. चार बोटं वायर कापून नवी जोडली, सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली. बल्ब लख्ख पेटला.

गाडी रात्रभर ठेवून घेतली, कारण ही परीक्षा थंड इंजिनावरच होते. सकाळी स्टार्ट केली. मिनिटाच्या आत सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ वर-खाली खेळायला लागला, म्हणजे सेन्सर तापून कामाला लागला. काका स्क्रीनकडे बघत राहिले. मग जुना सेन्सर फडक्यात गुंडाळून त्यांनी परत डिकीत ठेवला.