असेल तिथंच कुठेतरी

मे महिन्यातल्या दुपारी गुहागरात दोनच गोष्टी जाग्या असतात, समुद्र आणि सुट्टीला घरी आलेली मुलं. बाकी सगळं गाव वामकुक्षीत. मीही डोळा लागतोय न लागतोय अशा बेतात होते, तेवढ्यात ओटीवरून भाच्याची हाक आली. "आत्या, जरा येतेस? हे बघ काय म्हणतंय."

तो चिपळूणला कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. या सुट्टीत त्यानं आंब्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतलाय. कुणाला किती पेट्या गेल्या, कुणाकडून पैसे आले, कोण नुसतंच "पाठवतो हो" म्हणतोय, हे सगळं एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहायचं आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या कोडनं ते वाचून बेरीज करायची. बेत चांगला. झोपाळ्यावर मांडी घालून तो बसला होता, शेजारी करवंदांची वाटी, जांभळी बोटं, तीच कीबोर्डवर. स्क्रीनवर लाल अक्षरं. फाईलनॉटफाउंडएरर. एरनो २. नो सच फाईल ऑर डिरेक्टरी. आणि पुढे फाईलचं नाव.

"पण फाईल आहे गं! ही बघ, समोर दिसतेय!"

फाईल सापडत नाही, हे वाक्य कोकणातल्या माणसाला कॉम्प्युटरनं शिकवलेलं नाही. ज्यांच्या सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची अख्खी वंशावळ दाटीवाटीनं बसलेली आहे, त्यांनी ते कचेऱ्यांच्या बाकांवर बसून पाठ केलंय. तिथं त्या वाक्याचे अर्थ बरेच. फाईल नाही; फाईल आहे पण ज्यांच्या कपाटात आहे ते रजेवर आहेत; फाईल आहे, पण तुम्हाला दाखवायची नाही. कुठला अर्थ, ते आपण चेहऱ्यावरून ओळखायचं. पायथॉन त्या मानानं फार सरळ. फाईल नसेल तर आकडा २. असून हात लावायची परवानगी नसेल तर १३, आणि त्याचं नावच वेगळं, पर्मिशनएरर. हे आकडे पायथॉनचे नव्हेत, युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेले. आणि हा सरळपणाही पायथॉनच्या अंगी जन्मापासून नव्हता. भाषा १९९१ सालची. पण २०१२ मध्ये ३.३ आवृत्ती येईपर्यंत फाईल उघडता आली नाही की कारण काहीही असो, नाव एकच यायचं, आयओएरर. खरं दुखणं कळायला आतला आकडा उघडून बघावा लागे.

मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षं एमएससीआयटीचे क्लास घेतले, पुढे पायथॉनही थोडं शिकवलं. त्या काळात मला एका वाक्याची जी चीड बसली ती अजून गेलेली नाही. "असेल तिथंच कुठेतरी." पोरं सेव्ह करायची, मी विचारायचे कुठे केलंस, आणि उत्तर हेच. खरं म्हणजे चीड त्याआधीची आहे. हे वाक्य आमच्या वडिलांचं. कात्री कुठाय, विम्याची पावती कुठाय, छत्री कुठाय, सगळ्याला वर्तमानपत्रातून डोकं न काढता, "असेल तिथंच कुठेतरी." 'तिथं' म्हणजे कुठं, ही जबाबदारी विचारणाऱ्याची.

भाच्याचंही तिथंच अडलं होतं. पहिला संशय मला नेहमीचा आला. विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे नवखा माणूस नाव देताना टीएक्सटी पुन्हा स्वतः लिहितो आणि फाईल होते पेट्या डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी. दिसताना मात्र एकच टीएक्सटी. शेपूट दाखवायला लावलं. नाही, नाव बरोबर होतं. दुसरा संशय कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा. तो विंडोजवर फिजूल. विंडोजला त्याचं काही वाटत नाही. पण कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स असेल तर तिथं मोठा पी आणि छोटा पी ही दोन वेगळी माणसं, हे त्याला सांगून ठेवलं. मग म्हटलं, प्रोग्रॅमलाच विचार तू कुठे उभा आहेस. ओएस डॉट गेटसीडब्ल्यूडी, एक ओळ. विचारलं, तर गडी एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये. भाच्यानं एडिटरमध्ये उघडलं होतं ते मोठं फोल्डर, आणि कोड, फाईल दोन्ही त्याच्या आतल्या फोल्डरमध्ये शेजारी शेजारी बसलेले. प्रोग्रॅम आपल्या शेजारी बघत नाही, जिथून त्याला हाक मारली तिथं बघतो. कोडात नुसतं फाईलचं नाव लिहिलं की त्याचा अर्थ "असेल इथंच कुठेतरी" एवढाच होतो.

रस्ता सुधारला, बेरीज आली, करवंदं संपली. खरं तर इथं मी परत आडवी व्हायला हरकत नव्हती. पण त्यानं विचारलं, "आणि कधी फाईल खरंच नसली तर? हे असलं लाल लाल बाबांना दिसलं तर ते लॅपटॉप बंदच करतील."

बाबांना, म्हणजे माझ्या भावाला. मला हसू आलं, कारण या विषयातला त्याचा अधिकार मोठा आहे.

आमची आजी संध्याकाळी आम्हाला विरजण आणायला पाठवायची. हातात पितळी वाटी, आणि वाटीपेक्षा जड सूचना. वरच्या काकूंकडे जा. विरजण असेल तर चमचाभर घेऊन ये. नसेल तर विहिरीपलीकडच्या आजींकडे जा. तिथंही नसेल तर कुठे रेंगाळायचं नाही, सरळ घरी येऊन मला सांगायचं, मी मिरचीची देठं घालून लावीन. आणि काकू घरातच नसतील तर दाराची कडी वाजवत बसू नको, तेही येऊन सांग. आज ट्राय आणि एक्सेप्ट शिकवायला मला याहून चांगलं काही सापडत नाही. करून बघ, अमुक अडलं तर हे कर, तमुक अडलं तर ते कर, आणि शेवटी मिरचीची देठं आहेतच. फाईल नसेल तर रिकाम्या यादीनं सुरुवात कर, नाहीतर माणसाला माणसाच्या भाषेत सांग की बाबा, पेट्यांची यादी सापडली नाही, अमक्या फोल्डरात बघितली.

एकदा भाऊ गेला. वाटेत पाणंदीत पाय घसरला, वाटी गडग्यावर आपटली, तिला चांगला पोचा आला, आणि गुडघा फुटला. घरी येऊन त्यानं काय सांगावं? "काकूंकडे विरजण नाही." गुडघा चड्डीखाली झाकलेला. आजीनं देठं घालून दही लावलं, प्रश्न मिटला. पण सकाळीच तिनं काकूंच्या माजघरात दह्याचं गाडगं डोळ्यांनी बघितलं होतं! हिनं पोराला नाही म्हणून परत पाठवलं, यावरून जी अढी बसली ती थेट गणपतीपर्यंत. उकडीचे मोदक वळायला काकू आल्या तेव्हा बोलता बोलता उलगडा झाला, आणि पोचा आलेली वाटी माळ्यावरून खाली आली.

भाच्यानं नुसतं एक्सेप्ट लिहिलं होतं, पुढे नाव न घेता. म्हणजे काहीही बिघडलं, फाईल नसली, आकड्याच्या जागी अक्षर आलं, अगदी कोडात भलतंच नाव टाइप झालं, तरी स्क्रीनवर एकच येणार, फाईल सापडली नाही. मी म्हटलं, हे तुझ्या बापासारखं झालं. एक्सेप्टपुढे फाईलनॉटफाउंडएरर असं पूर्ण नाव घे. बाकीचं काही बिघडलं तर लाल अक्षरात बोंबलू दे, फुटलेला गुडघा दिसू दे.

"मग आधीच बघितलं तर? फाईल आहे का ते विचारायचं, आणि असली तरच उघडायची."

असंही करतात. वाईट नाही. पण आजीनं कधी खिडकीतून डोकावून या असं सांगितलं नव्हतं. डोकावून गाडगं दिसलं, वळसा घालून दारात जाईपर्यंत मांजर तोंड घालून गेलं, तर? बघणं आणि उघडणं यांच्या मधल्या फटीत फाईल जाऊ शकते. दुसरा प्रोग्रॅम ती पुसू शकतो, पेन ड्राइव्ह कुणी उपटू शकतं. म्हणून पायथॉनच्या मंडळींचा कल आधी हात घालावा आणि अडलं तर सावरावं याकडे. त्यांच्या अधिकृत शब्दसूचीत याला आद्याक्षरांचं एक लांबलचक नावही आहे. परवानगी मागत बसण्यापेक्षा मागून माफी मागणं सोपं, असा त्याचा भावार्थ. हे बोल ग्रेस हॉपर यांच्या नावावर सांगितले जातात. बाई अमेरिकी नौदलात अधिकारी होत्या आणि कंपायलरच्या, म्हणजे माणसानं लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पहिल्या कारागिरांपैकी एक. नौदलात राहून हे म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

एक गोष्ट मात्र मी त्याला दटावून सांगितली. फाईल कशासाठी उघडायची ते कोडात एका अक्षरानं सांगतात; तिथं वाचायच्या आरऐवजी डब्ल्यू लिहिलं की एरर येत नाही, हा शोध प्रत्येक नवख्याला कधी ना कधी लागतो आणि तो फार खूश होतो. डब्ल्यू म्हणजे लिहायला उघड. फाईल नसेल तर नवी कोरी कर, आणि असेल तर, हे कुणी वाचत नाही, आहे ती पुसून कोरी कर. लाल अक्षरं जातात, त्यांच्याबरोबर अख्ख्या मोसमाचा हिशेबही जातो. भर टाकायची असेल तर ए आहे. आधीची फाईल असेल तर हात लावू नको असं बजावायचं असेल तर एक्स आहे. कोरी फाईल आणि नसलेली फाईल यांत मला तरी नसलेली बरी वाटते. नसलेली निदान नाही म्हणून सांगते.

आणि सगळ्यांत वाईट, एक्सेप्ट आणि खाली नुसतं पास. काही बिघडलं तर काही करू नको, काही बोलू नको, पुढे चल. लिहायला सगळ्यांत सोपं, चालताना सगळ्यांत गुळगुळीत. हे लिहिणारी मुलं वाईट नसतात, उलट मऊ मनाची असतात. समोरच्याला लाल काही दिसू नये एवढीच त्यांची इच्छा.

आमच्या वडिलांसारखी.

आमच्या आळीत एक बाई होत्या, सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. मुलगा मुंबईत गिरणीत. दर महिन्याला मनीऑर्डर, गणपतीला येणं. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, मनीऑर्डर थांबली, मग पत्रंही थांबली. वहिनींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या निळं आंतर्देशीय घेऊन आमच्या ओटीवर यायच्या, सांगायच्या, वडील लिहायचे. पाठवणाऱ्याचा पत्ता वडील आमचा घालत, त्यामुळे परत आलेली पत्रं आमच्याच घरी यायची, वर पोस्टाचा शेरा, "मालक राहत नाही." वडील ती घडी करून पंचांगात ठेवायचे. वहिनी विचारायच्या, "पोचलं असेल का हो, भाऊ?" वडील म्हणायचे, "पोचलं असेल. कामात असेल तो. असेल तिथंच कुठेतरी."

पावसाळा गेला. एकदा वहिनी आल्या त्या वडील घरात नसताना. पंचांग झोपाळ्यावर उघडं पडलेलं, आणि निळे कागद ओळखायला अक्षरओळख लागत नाही. वडील येईपर्यंत त्या पायरीवर बसून राहिल्या. रडल्याबिडल्या काही नाहीत. चिडल्या मात्र होत्या. म्हणाल्या, "भाऊ, हे आधी सांगायचं नाही का हो? माझ्या भाचीचा परळचा पत्ता आहे माझ्याकडे. चैतातच तिला लिहिलं असतं."

परळला पत्र गेलं. पंधरवड्यानं उत्तर आलं, तेही वडिलांनीच त्यांना वाचून दाखवलं. पूर्ण वाचलं की नाही, कोण जाणे.