तुम्ही विचारलेत म्हणून : मी मागची सेव्ह का उघडत नाही

सेव्ह, म्हणजे संगणकावरच्या खेळाची मध्येच जपून ठेवलेली नोंद, हाताशी असताना तुम्ही ती उघडत का नाही? सैनिक मेला, शहर गेले, सोबतचे पात्र कायमचे हातचे गेले, तरी तोच डाव पुढे रेटत बसता, हा हट्ट कशासाठी? हे मला आमच्या खेळणाऱ्या मंडळींनी विचारले आहे, एक्सकॉम हा सैनिकांच्या तुकडीचा खेळ नव्याने घेतलेल्यांनी विचारले आहे आणि गेल्या पावसाळ्यापासून घरातही विचारले जाते. आजवर ‘मला तसेच आवडते’ एवढे बोलून मी विषय संपवला. त्या उत्तराने कोणाचे समाधान झाले नाही, माझेही नाही, कारण आवड हे त्यामागचे कारणच नव्हे. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. टर्न म्हणजे खेळातली पाळी आणि लोड करणे म्हणजे जुनी सेव्ह उघडून तिथून पुन्हा खेळणे, हे विचारणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यापलीकडे सांगत बसत नाही.

आधी स्ट्रॅटेजीचे, म्हणजे डावपेचांच्या खेळांचे बोलू, कारण तिथे माझे मत पक्के आहे. २०१२चा एक्सकॉम : एनिमी अननोन घ्या. लोड करत खेळणाऱ्याची पद्धत ठरलेली असते. सहा उत्तम सैनिक प्रत्येक मोहिमेवर जातात, कोणी पडला की मागे जायचे, आणि सहाही जण वरच्या हुद्द्यावर पोहोचेपर्यंत हेच चालू ठेवायचे. दिसायला ही फौज बलाढ्य असते. पण त्या सहांच्या मागे कोणीच उभे नसते. राखीव माणसे तयार करण्याची गरज त्या खेळाडूला कधी भासलेलीच नसते, कारण त्याची राखीव फौज म्हणजे त्याची सेव्ह. याउलट ज्याने आपली माणसे गमावली आहेत, तो सोप्या मोहिमेवर एक-दोन नवखे नेतो, जखमी सैनिक कित्येक दिवस इस्पितळात अडकणार हे धरूनच पुढचे ठरवतो आणि ८५ टक्क्यांचा नेम चुकला तर त्या टर्नला आपले काय होईल, याचा विचार गोळी झाडण्याआधी करतो. मला स्ट्रॅटेजी म्हणून जे काही कळते, ते या विचारात आहे. सेव्ह उघडण्याची मुभा दिली की नेमका हाच विचार खेळातून निघून जातो आणि उरते ती फक्त योग्य उत्तराची शोधाशोध.

ही माझ्या एकटीची खोड नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच खेळात गोळी लागणार की चुकणार हे ठरवणारा आकडा सेव्हबरोबरच जपला जातो. लोड करून तोच सैनिक, तीच गोळी, त्याच क्रमाने झाडली तर ती पुन्हा तशीच चुकते. निकाल बदलायचा तर आधी दुसरे काहीतरी करावे लागते. २०१३च्या एनिमी विदिन या त्याच खेळाच्या विस्तारात हा नियम उठवण्याचा वेगळा पर्याय दिला गेला, म्हणजे ज्याला हवे त्याला निर्मात्यांनी अडवले नाही. पण मूळ खेळ कोणत्या वृत्तीने बांधला होता, ते यातून स्पष्ट दिसते.

‘निदान मराठ्यांचा डाव तरी हरू नका,’ असेही मला सांगितले गेले आहे. २००९च्या एम्पायर : टोटल वॉरमध्ये मराठे घेऊन खेळता येते, डाव सन १७०० पासून सुरू होतो, आणि समुद्रावरच्या लढाया प्रत्यक्ष लढता येणारा तो त्या मालिकेतला पहिला खेळ. मालवणच्या माणसाने तो कोणत्या भावनेने उघडला असेल, हे वेगळे सांगायला नको. एका डावात माझे सगळे आरमार बुडाले आणि बंदरांना शत्रूच्या जहाजांचा वेढा पडला. समुद्रावरचा व्यापार तुटला की या खेळात तिजोरी फार लवकर आटते. तेव्हाही लोड कर असे सांगणारे होते. मी केले नाही, कारण त्यानंतरचा डाव मला अधिक महत्त्वाचा वाटला : बंदरांचे उत्पन्न गेल्यावर फौज किती कमी करायची, कोणाशी तह करायचा, घाटावरच्या जमिनीच्या महसुलावर किती दिवस काढायचे. एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला, तोही पेशवे आणि इंग्रज एकत्र आल्यामुळे, आणि विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या किल्ल्यावर मी अनेकदा गेले आहे. आरमार नसलेला किनारा पुढे कसा सांभाळायचा, हा प्रश्न तिथे उभे राहिल्यावर माझ्या मनात येतोच. तोच प्रश्न एखादा खेळ माझ्यापुढे टाकत असेल, तर तो न सोडवता मागे फिरणे मला पटत नाही.

इथपर्यंत मला कोणी हलवू शकलेले नाही.

मात्र मी नेहमीच अशी खेळत नव्हते. एज ऑफ एम्पायर्सच्या दुसऱ्या भागाच्या मोहिमा मी प्रत्येक वेढ्याआधी सेव्ह करून खेळले आहे आणि तेव्हाची मी आजच्या मला विचारू शकते की, त्या मुलीने आनंद घेतला नाही का? तिने भरपूर घेतला. पुढे एक काळ असा आला की, लोड करणारा खेळाडू खेळतच नसतो, असे मी मंडळींना लांबलचक लिहून कळवले होते. ते वाक्य अनेकांनी अजून जपून ठेवले आहे आणि वेळ आली की माझ्यापुढे करतात. त्यातले अर्धे मी आजही म्हणेन. उरलेल्या अर्ध्याबद्दल काय म्हणायचे, ते गेल्या पावसाळ्यात जे घडले तिथून सांगावे लागेल, कारण तुमच्यापैकी बहुतेकांचा खरा प्रश्न त्याच रात्रीबद्दल आहे.

आमच्या घरचे ट्रॉलर आहेत. बर्फ, डिझेल आणि खलाशांच्या पगाराचे हिशेब मी पाहते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि लांबीचे खेळ मी त्याच दिवसांत खेळते. गेल्या वर्षी भावाचा मुलगा कॉलेजच्या सुटीत घरी होता. आम्ही दोघांनी माझ्या संगणकावर बाल्डर्स गेट थ्री हा रोल-प्लेइंग, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ घेतला, पडदा दोन भागांत वाटून, हातात एकेक कंट्रोलर. कार्लाक त्याच्या ताब्यात होती आणि ती त्याची अत्यंत लाडकी. ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच : कार्लाकच्या छातीत हृदयाच्या जागी पेटते यंत्र आहे, त्यामुळे तिला कोणी स्पर्श करू शकत नाही. डॅमन नावाचा लोहार ते यंत्र दोनदा दुरुस्त करतो, आणि दुसऱ्या दुरुस्तीनंतर तिला माणसाला मिठी मारता येते. पहिली दुरुस्ती झालेली होती. दुसरीसाठी लागणारे लोखंड आमच्या सामानात होते. डॅमन दुसऱ्या अंकात लास्ट लाइट या सराईत भेटतो.

आम्ही सराईत पोहोचलो आणि डॅमनला न भेटता आधी वर इझोबेलकडे गेलो. त्या सराईवर जे चंद्रप्रकाशाचे छत्र आहे, ते तिनेच धरलेले आहे. बाहेर सगळीकडे सावलीचा शाप. तिच्याशी बोलणे होताच मार्कस तिला पळवायला येतो आणि पंख असलेली भुते खोलीत घुसतात. इझोबेल आपल्या ताब्यात नसते, ती स्वतःच्या बुद्धीने लढते आणि स्वतःहून पुढे जाते. पुतण्याने कार्लाकला मार्कसवर धाडले. या खेळात वार लागणार का, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो; लागण्याची शक्यता चांगली होती. फासा खाली आला आणि वार हुकला. पुढच्या टर्नला इझोबेल पडली आणि मार्कस तिला उचलून घेऊन गेला.

छत्र विझले. खाली ज्या माणसांना आम्ही पहिल्या अंकात जिवाचा आटापिटा करून वाचवले होते, ती शापाने बदलून आमच्यावरच चालून येऊ लागली. पुतण्याने शांतपणे मेनू उघडला, यादीतली जिन्याखाली केलेली सेव्ह निवडली आणि माझ्याकडे पाहिले. आमचे बोलणे घरी मालवणीतच चालते. ‘आत्ये, लोड कर,’ तो म्हणाला. मी नाही म्हटले आणि मेनू बंद केला. त्याने तो पुन्हा उघडला, मी पुन्हा बंद केला. ‘ही माझी पण गोष्ट आसा,’ एवढे बोलून त्याने कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि तो अंगण ओलांडून स्वतःच्या घरी गेला.

उरलेली लढाई मी एकटीने पूर्ण केली. माझ्या पात्राची टर्न आली की माझा कंट्रोलर, कार्लाकची आली की त्याचा. समोर आलेल्यांत डॅमनही होता. कार्लाकच्या हातून डॅमनवर शेवटचा वार मी केला, आणि तो पुतण्याच्या कंट्रोलरवरून केला. ते लोखंड सामानात तसेच राहिले. पुतण्या उरलेल्या सुटीत पुन्हा खेळायला बसला नाही.

यावर तुम्ही मला कठोर म्हणालात, ते मी ऐकून घेतले. पण त्याचा युक्तिवाद तुमच्यापेक्षा सरस होता, म्हणून तोच नोंदवते. तो म्हणाला की, वादळाचा इशारा आला की बाबा होडी अर्ध्या वाटेतून मागे फिरवतात, त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही. मी त्याला सांगितले की, मागे फिरताना जाळलेले डिझेल परत येत नाही, बर्फ वितळतो, खलाशांचा दिवस फुकट जातो; मागे फिरणे हाही एक निर्णय असतो आणि त्याची किंमत हिशेबात लागते, हे मी रोज वहीत लिहिते. लोडची किंमत शून्य असते. माझे हे उत्तर मला अजून बरोबर वाटते. पण मग त्याने विचारले की, त्या रात्रीची किंमत कोणी दिली? त्याला ऐकायची होती ती संभाषणे, कार्लाकची ती मिठी, हे सगळे त्याच्या वाट्याचे होते. तत्त्व माझे होते आणि खर्च त्याचा झाला. याला माझ्याकडे तितके चांगले उत्तर नाही.

इथेच मला स्ट्रॅटेजी आणि रोल-प्लेइंग यांतला फरक मान्य करावा लागतो, जो त्या जुन्या मजकुरात मी मानला नव्हता. एक्सकॉमच्या एका मोहिमेत डझनांनी नेम धरले जातात. एक हुकला तर दुसरा लागतो आणि नशिबाचा भार अनेक चालींवर विभागला जातो. शिवाय मेलेल्या सैनिकाच्या जागी दुसरा येतो आणि खेळ तितकाच मोठा राहतो. रोल-प्लेइंगमध्ये एकाच फाशावर पुढचे कित्येक प्रसंग टांगलेले असतात, आणि ते प्रसंग कोणीतरी लिहून ठेवलेले असतात. फासा उलटा पडला की ते वाचायचे राहून जातात. वीस बाजूंच्या फाशावर एक पडण्याची शक्यता ५ टक्के, म्हणजे लांबलचक खेळात तो अनेकदा पडणारच.

तरीही मी लगेच शरण जात नाही. २०१९चा डिस्को इलिझियम हा रोल-प्लेइंग खेळ पाहा. त्यात काही प्रयत्न पुन्हा करता येतात, काही एकदाच. दोन फासे, दोन्हींवर एक आला की कितीही कौशल्य असले तरी अपयश. पण त्या अपयशासाठीही तितक्याच मन लावून लिहिलेले प्रसंग आहेत, आणि त्यांतले काही यशापेक्षा जास्त लक्षात राहतात. हरणाऱ्याच्या वाट्याला काय द्यायचे, याचा विचार लेखकांनी केला असेल तर लोड करण्याची इच्छाच होत नाही. लास्ट लाइटमध्ये हरणाऱ्याला रिकामी सराई मिळते. माझी तक्रार आता पुतण्याकडून सरकून खेळाकडे वळली आहे का, असे तुम्ही विचाराल. काही अंशी तसे आहे. पण ती रिकामी सराई पाहून मला जे वाटले, ते मला दुसऱ्या कोणत्याही खेळाने दिलेले नाही, आणि डॅमन जिवंत राहिला असता तर त्या लोखंडाची आठवणही मला राहिली नसती. ही गोष्ट मी पुतण्याला सांगितली. तो म्हणाला, तुला वाटले, मला फक्त राग आला.

यंदा होड्या ओढून झाल्यावर त्याने स्वतःहून नवा डाव मांडला आहे. या वेळी सेव्ह त्याच्या लॅपटॉपवर आहे आणि दोघे हो म्हणतील तेव्हाच लोड करायचे, असे ठरले आहे. मी हो म्हणणार नाही, हे मी त्याला आधीच सांगून ठेवले. मग नियम जुनाच राहिला, असे त्याचे म्हणणे. माझ्या मते तो जुना नाही, कारण या वेळी नकार देण्याआधी मला त्याची बाजू ऐकावी लागेल आणि मेनू त्याच्या हातात असेल. त्याला एवढे पुरेसे वाटत नाही. आम्ही अजून पहिल्या अंकातच आहोत.