व्हेज मायक्रोस्कोपी

माझं काम म्हणजे परदेशी संशोधन-नियतकालिकांचे लेख छापायला जाण्याआधी वाचायचे. ऑफिस मरोळला. विषय कळलाच पाहिजे असं नाही. वाक्य उभं राहतंय का, आकृती 3 खरंच तिसरी आहे का, संदर्भ जुळतात का, एवढं बघायचं. त्याआधी बरीच वर्षं गिरगावातल्या एका मराठी साप्ताहिकात मुद्रितशोधक होते. पगार तेव्हा कमी होता, पण चुका जास्त मजेदार होत्या.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गाड्या रखडलेल्या, डोंबिवलीहून पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. पाच वाजता द्यायची फाइल उघडली. केळीच्या पानाच्या पृष्ठभागावरचा लेख. दुसऱ्याच पानावर होतं, नमुने ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ने तपासले.

वाचलं आणि पुढे गेले. खोटं कशाला सांगू, पुढेच गेले. केळ, पान, व्हेजिटेटिव्ह, सगळं एकाच वाडीतलं. शिवाय झाडाची ‘व्हेजिटेटिव्ह स्टेज’, म्हणजे केळफूल येण्याआधीचा नुसत्या पानांच्या वाढीचा काळ, लेखात तीनदा आली होती आणि ती बरोबरच होती.

अडकले ती आकृती 4 पाशी. पानाच्या पाठीचा करडा फोटो, त्यात मिटलेल्या ओठांसारखी पर्णरंध्रं. अशा फोटोंच्या तळाशी यंत्र स्वतःच एक काळी पट्टी छापतं: किती किलोव्होल्ट, किती पट मोठं केलं, मोजपट्टी. ती मी दोनशे टक्के मोठी करून वाचते, सवयच आहे. तिथे स्वच्छ ‘एसईएम’ लिहिलेलं. म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी, इलेक्ट्रॉनचा झोत नमुन्यावरून फिरवून फोटो काढायची पद्धत. मग वर व्हेजिटेटिव्ह कुठून उगवलं?

शेजारच्या पोराला दाखवलं. तो म्हणाला, “व्हेज इलेक्ट्रॉन? जैनमध्ये पण मिळतं का विचारा.”

टीम लीड मॅडमनी नेटवर शोधलं. शब्दप्रयोग तसाच्या तसा बाकीच्या शोधनिबंधांतही सापडला. “अगं, एवढ्या लोकांनी लिहिलंय म्हणजे असेल काहीतरी. सोड.” मी सोडलं नाही. साप्ताहिकात असताना तीन अंकांत सलग एकच आडनाव चुकीचं छापलेलं पाहिलं होतं, कारण प्रत्येक जण मागचा अंक बघून खात्री करत होता.

जेवणाचा डबा बाजूला ठेवून शोधत बसले, तर या शब्दांची अख्खी वंशावळ निघाली. एका रशियन रसायनशास्त्रज्ञाने टोपणनावाने ते हुडकले होते. मूळ 1959 सालचं: ‘बॅक्टेरिऑलॉजिकल रिव्ह्यूज’ या नियतकालिकातला एक लेख, दोन स्तंभांत छापलेला. डाव्या स्तंभातल्या एका ओळीत ‘व्हेजिटेटिव्ह’, आणि तिच्या बरोबर समोर, उजव्या स्तंभात, ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’. जुने अंक स्कॅन झाले तेव्हा मधली मोकळी गल्ली यंत्राला दिसलीच नाही. त्याने ओळ सरळ आडवी वाचली.

मी हसले, कारण हे आमच्याकडे घडलेलं. साप्ताहिकाचे जुने अंक स्कॅन करून मजकूर काढला होता. डावीकडे पतसंस्थेच्या सभेचा वृत्तांत, उजवीकडे पाककृती. हाती आलं ते असं: ‘अध्यक्षांनी समारोपाच्या भाषणात पाव किलो वांगी उभी चिरून घ्यावीत.’

दुसरा रस्ता फारसीतून आलेला. त्या भाषेत स्कॅनिंगसाठी ‘रूबेशी’ आणि व्हेजिटेटिव्हसाठी ‘रूयेशी’. लिपीत ‘ब’खाली एक टिंब, तिथेच ‘य’खाली दोन. फरक तेवढाच. 2017 आणि 2019 च्या इराणी शोधनिबंधांत हा शब्द आला तो बहुधा या टिंबातून. टिंबाचा इंगा मला नवा नाही. ‘घरमालकाने भांडं वाढवलं’ असं मी स्वतः एकदा पास केलंय.

आणि मग पुढचा हात यंत्राचा. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जुनी-नवी भाषा-मॉडेलं, म्हणजे मजकूर लिहून देणारे एआय, तपासली. जीपीटी-2 ही चूक करत नव्हतं, जीपीटी-3 करत होतं. म्हणजे मधल्या काळात नेटवरचा जो ढीग त्याला वाचायला घातला, त्यात ही आडवी ओळ होती. ‘डिजिटल जीवाश्म’ म्हणतात ते संशोधक याला.

अशा शब्दांची एक यादी आमच्याकडे आहेच, पण ती वेगळ्या जातीची. तिथे उचलेगिरी लपवायला मुद्दाम प्रतिशब्द घातलेले असतात. ब्रेस्ट कॅन्सरचं ‘बुझम पेरिल’ (छातीचं संकट), आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ (बनावट जाणीव). ते वाचताना निदान ठेच तरी लागते. हा शब्द पायाखालून निसटून जातो.

लेखकाला क्वेरी पाठवली. चार वाजता उत्तर आलं: शब्दप्रयोग प्रचलित आहे, सोबत तीन संदर्भ, कृपया तसाच ठेवावा. मी संदर्भांवर वाद घातला नाही. त्याच्याच फोटोतली काळी पट्टी कापून पाठवली आणि खाली एवढंच विचारलं, आपण कोणतं यंत्र वापरलं?

दहा मिनिटांत दुरुस्त फाइल आली. आभार नाहीत, स्पष्टीकरण नाही. मॅडम म्हणाल्या, “झालं ना मनासारखं? पाठव आता.”

पाठवायच्या आधी एकदा वरून खाली नजर फिरवली. दुसऱ्या पानावर स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी, अगदी चोख. पाचव्या पानावर मात्र केळीचं झाड ‘स्कॅनिंग स्टेज’मध्ये असताना पानं तोडली होती. सातव्यावरही. निष्कर्षातही. लेखकसाहेबांनी व्हेजिटेटिव्ह दिसेल तिथे सरसकट बदलून टाकलं होतं.

तिन्ही हाताने परत लावले. पाचला तीन मिनिटं होती, आणि डबा अजून तसाच.