टाका न पडलेली पेनी

मी ईस्ट टेक्ससमध्ये व्हेट आहे. मिक्स प्रॅक्टिस, गायी-घोडे पण आणि कुत्री-मांजरं पण. थंडी पडायला लागली की आमच्याकडे रानडुकरांनी फाडलेली कुत्री यायला लागतात. तशी इथे डुकराची शिकार वर्षभर चालते, पण कुत्री घेऊन जाणारे लोक गारव्याची वाट बघतात, कारण उन्हाळ्यात डुकरापेक्षा उष्माघातानेच कुत्रं जास्त पटकन जातं.

इकडची रानडुकरं मूळची पाळीव, स्पॅनिश लोकांनी आणलेली, सुटली आणि रानात वाढली, पुढे शिकारीसाठी म्हणून युरोपातून आणलेल्या रानडुकरांचं रक्त त्यांच्यात मिसळलं. एक कळप एका रात्रीत अख्खं शेत उकरून ठेवतो. त्यामुळे जमीनमालकाची परवानगी असेल तर खाजगी जमिनीवर ती मारायला 2019 पासून शिकारीचं लायसन्ससुद्धा लागत नाही. लोक सापळे लावतात, बंदुकीने मारतात, आणि बरेच जण पिढ्यानपिढ्या कुत्री घेऊन जातात.

कुत्र्यांत दोन प्रकार असतात हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक बे डॉग, ज्याने वासावर जाऊन डुक्कर शोधायचं आणि समोर उभं राहून भुंकून भुंकून त्याला एका जागी अडवून धरायचं. यात ब्लॅक माऊथ कर, कॅटाहूला, प्लॉट हाउंड वगैरे जाती येतात. दुसरा कॅच डॉग, बहुतेक बुलडॉग नाहीतर पिटबुल जातीचा, ज्याला माणसं जवळ पोचेपर्यंत दोरीनेच धरून ठेवतात आणि शेवटी सोडतात, तो जाऊन डुकराचा कान पकडतो आणि सोडत नाही. कॅच डॉगला जाडजूड व्हेस्ट आणि गळ्याला रुंद कॉलर असते, कारण त्याने भिडायचंच असतं. बे डॉगने भिडायचं नसतं, पण हे सगळ्या बे डॉगना मान्य नसतं ना, आणि खरं सांगायचं तर सगळ्या मालकांनाही नसतं.

तर त्या रविवारी मी ऑन कॉल होते. पहाटे फोन आला, आणि थोड्या वेळात पिकअप येऊन उभी राहिली. एक वयस्कर शेतकरी आणि त्यांचा विशीतला नातू. मागे चार कुत्री. बूमर नावाचा कॅच डॉग, एक कॅटाहूला मिक्स, रस्टी नावाचा दीडेक वर्षाचा ब्लॅक माऊथ कर, आणि एक म्हातारी कुत्री, पेनी, ती पण ब्लॅक माऊथ कर, पिवळसर अंग आणि काळं तोंड. तीन कुत्री रक्ताने माखलेली, आणि पेनी आपली उडी मारून खाली उतरली आणि टायरचा वास घेत बसली.

रस्टीला मी पहिल्यांदा आत घेतलं. बाहेरून बघितलं तर डाव्या कोपराच्या मागे जेमतेम इंचभर भोक, रक्तही फार नाही, नातू म्हणत होता की याला थोडंसंच लागलंय, आधी बूमरला बघा. पण रस्टी मान पुढे ताणून भराभर श्वास घेत होता, हिरड्या फिकट पडल्या होत्या, आणि श्वास आत घेताना त्या भोकातून बारीक सुस्स असा आवाज येत होता. म्हणजे छाती उघडी पडलेली. मी भोकावर जेल लावून प्लास्टिक फिल्म गुंडाळली, ऑक्सिजन लावला, बरगड्यांमधून सुई घालून आत साठलेली हवा ओढून काढली, दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. तेव्हा कुठे तो आडवा पडला.

भूल देऊन जखम उघडली तेव्हा नातवाला मी मुद्दाम आत बोलावलं, मास्क लावून. त्याला बघायला मिळावं असं मला फार वाटत होतं. वरची कातडी इंचभर फाटलेली, पण आत माझी अख्खी बोटं जात होती. शेतात वरून उंदराचं छोटंसं बीळ दिसतं आणि खाली सगळी जमीन पोकळ असते तसं. कुत्र्याची कातडी सैल असते, सुळ्याबरोबर ती सरकते, आतले स्नायू मात्र जागेवर असतात म्हणून तेच फाटतात. दोन बरगड्यांच्या मधला स्नायू फाटून सरळ छातीत वाट झाली होती. फुप्फुस नशिबाने शाबूत होतं. आत माती, पालापाचोळा, डुकराचे राठ केस. तासभर नुसतं धुतच होतो आम्ही. मग छातीत ट्यूब, स्नायूंचे थर एकेक करून शिवले, आणि कातडीखाली ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढणारी नळी, ठेवला, कारण असल्या जखमा घट्ट बंद केल्या की आत पू होणारच.

नराचे खालचे सुळे आयुष्यभर वाढत राहतात आणि वरच्या सुळ्यांवर घासून घासून त्यांना सतत धार लागत राहते. डुक्कर डोकं खाली घालून येतं आणि वर झटका देतं. म्हणून कुत्र्यांच्या जखमा छातीच्या खालच्या बाजूला, काखेत, पोटाला, मांडीच्या आतून आणि गळ्याला. मादीचे सुळे लहान असतात पण ती चावते, आणि पिल्लं सोबत असली की तिच्यासमोरही कुत्र्याची धडगत नसते.

बूमरची व्हेस्ट छातीवर दोन ठिकाणी चिरलेली होती, आतलं कापड बाहेर आलेलं, पण खाली कातडीला ओरखडाही नाही. कॉलरवरही खोल खूण होती, ती नसती तर गळ्याची मोठी शीर गेली असती आणि तो माझ्यापर्यंत पोचलाच नसता. त्याला लागलं ते व्हेस्ट जिथे संपते तिथे, जांघेत. बरेच टाके घातले पण जिवाचा धोका नव्हता. कॅटाहूलाची मांडी फाटली होती, ती पण निभावली.

हे सगळं होईस्तोवर दुपार झाली. आजोबा म्हणाले, "डॉक, पेनीला पण बघून घ्या एकदा. दिसत नाहीये काही, पण अंधारात कुठे लागलं असेल तर." बरोबरच होतं त्यांचं, केसात झाकलेलं एखादं भोक दोन दिवसांनी पू होऊन वर येतं. मी पेनीला टेबलवर घेतलं आणि केस उलटे करत बोटांनी इंच इंच चाचपत गेले. छाती, काखा, पोट, मांड्यांच्या आत. नव्या जखमा तर सोडाच, जुने वणही नव्हते. कानाच्या टोकाला एक छोटी चीर, ती पण काट्याची. दात झिजलेले, तोंडाभोवती केस पांढरे. हातातली फाइल बघितली, वय दहा वर्षं. लसी, जंताची औषधं, एकदा पिल्लांच्या वेळचा एक्स-रे. टाके कधीच नाहीत. ती पिल्लू असल्यापासून डुकरांवर काम करत आलेली आणि टाका एकही नाही, असा कुत्रा माझ्या टेबलवर त्याआधी आला नव्हता.

मी विचारलं की ही पुढे जाते का मागेच राहते? कारण मला खरंच वाटलं की घाबरट असेल, लांबूनच भुंकत असेल. आजोबा एवढंच म्हणाले, "डुक्कर तीच शोधते. बाकीचे तिच्या आवाजावर येतात." आणि नातवाला म्हणाले, दाखव यांना.

नातवाच्या डोक्याला लावलेल्या कॅमेऱ्यात आदल्या रात्रीचं सगळं होतं. ते मी तीनचार वेळा बघितलं, थांबवून थांबवून. ओढ्याच्या काठावर एका पडलेल्या झाडाला पाठ लावून मोठा नर उभा आहे, केस ताठ. पेनी एकटी समोर. ती त्याच्यापासून तिच्या स्वतःच्या लांबीच्या दीडदोनपट अंतर ठेवून उभी, आणि सरळ समोर नाही, जरा तिरकी. नजर त्याच्या डोक्यावरून हलत नाही. भुंकणं एकसारखं, लय न सोडता. डुक्कर झेपावलं की ती सरळ मागे पळत नाही, बाजूला जाते. हे फार महत्त्वाचं आहे. डुकराची मान आखूड आणि जाड असते, त्याला डोकं लांबवर फिरवता येत नाही, अख्खं अंग फिरवावं लागतं, आणि सरळ रेषेत ते कुत्र्यालाही गाठेल इतकं जोरात धावतं. बाजूला गेलं की त्याला वळायला जो वेळ लागतो तेवढ्यात ती पुन्हा आपल्या अंतरावर. डुक्कर परत झाडाला पाठ लावायला गेलं की हीसुद्धा परत समोर. आणि एक गोष्ट मला दुसऱ्यांदा बघताना दिसली, ती प्रत्येक वेळी त्याच बाजूला हटत होती जिकडे मोकळी जमीन होती. दुसऱ्या बाजूला काटेरी वेलींची जाळी होती, तिकडे एकदाही नाही.

आणि डुक्कर जागचं हललं नाही! लोकांना वाटतं की कुत्रं जितकं अंगावर जाईल तितकं डुक्कर थांबेल. उलटं आहे. चावा बसला की डुक्कर जीव घेऊन पळतं नाहीतर उलटून तुटून पडतं. नुसतंच कोणीतरी समोर भुंकतंय, चावत नाही, तर ते तिथेच पाय रोवून उभं राहतं, कारण पळायची त्याला गरज वाटत नाही.

मग व्हिडिओत बाकीची कुत्री आली. रस्टी थेट आत घुसला आणि खांद्याला चावला, जिथे मोठ्या नराच्या कातडीखाली इतका जाड आणि टणक थर असतो की कुत्र्याच्या दातांचा काहीच उपयोग होत नाही. डुकराने डोकं फिरवलं, रस्टी मागे हटायला गेला, आणि त्याच्या मागे कॅटाहूला उभी होती. त्याला जायला जागाच नव्हती. एका सेकंदाचं काम. त्या क्षणी पेनी कुठे होती? ती गर्दी झाल्या झाल्या लांब होऊन दुसऱ्या बाजूला गेली होती, जिथे तिच्या मागे कोणी नव्हतं. नंतर बूमरला सोडलं, त्याने कान धरला, आणि पेनी भुंकायची थांबून चक्क बाजूला जाऊन बसली, तिचं काम संपलं होतं.

नातू गप्प होता. रस्टी त्याचा कुत्रा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्याला दोष द्यावासा अजिबात वाटला नाही, कारण ही मुलं ज्या मोठ्यांच्यात वाढतात तिथे आत घुसणाऱ्या कुत्र्याचंच कौतुक असतं, वण दाखवून सांगतात की बघा काय जिगर आहे. मला हे पटत नाही, कधीच पटलेलं नाही. त्या जिगरीला टाके मी घालते, आणि काही वेळा टाके घालायलाही उशीर झालेला असतो. पेनीत जिगर कमी आहे असं तो व्हिडिओ बघून कोण म्हणेल? अंधारात एकटी उभी होती ती एवढ्या मोठ्या नरासमोर.

आजोबांना मी विचारलं की हे शिकवलं कसं. ते म्हणाले अंतर ठेवणं शिकवता येत नाही, ते रक्तातच असावं लागतं, तिची आई तशीच होती, आणि पिल्लं निवडताना ते हेच बघतात. पण बिघडवता मात्र येतं. कोवळ्या कुत्र्याला घुसणाऱ्या कुत्र्यांच्या घोळक्यात सोडलं की तेही घुसायला शिकतं. रस्टी पेनीचाच नातू आहे हे मला तेव्हा कळलं. त्याला पहिल्या हिवाळ्यापासून घोळक्यात सोडलं होतं.

निघताना मी दोघांना नेहमीचं सगळं सांगितलं. डुकराचं कच्चं मांस कुत्र्यांना बिलकुल घालायचं नाही, कारण स्यूडोरेबीज हा डुकरांतला विषाणूचा रोग झाला तर कुत्रं अंग खाजवून खाजवून दोनतीन दिवसांत मरतं, त्यावर औषध नाही आणि तिथे पेनीचं शहाणपणही कामाला येणार नाही. डुक्कर सोलताना हातमोजे घालायचे, डुकरांमधला ब्रुसेला हा जंतूंचा रोग माणसालाही होतो. बूमरला व्हेस्ट अगदी सोडायच्या आधी चढवायची, गाडीतून घालून आणायची नाही, आत अंग तापतं, आणि ताप 41 डिग्री सेल्सियसच्या वर गेला की डुक्कर राहिलं बाजूला, आधी पाणी ओता आणि मला फोन करा.

रस्टीची छातीची ट्यूब दुसऱ्या दिवशी निघाली, ड्रेन चौथ्या दिवशी. टाके काढायला नातू एकटाच घेऊन आला होता. म्हणाला आजोबांशी बोलणं झालंय, यापुढे एका वेळी दोनच बे डॉग सोडायचे, आणि रस्टी बरा झाला की त्याला फक्त पेनीबरोबर न्यायचं, तिसरं कुत्रं नाही. सुधारेल का हे मला विचारत होता. मी म्हटलं लहान आहे अजून, एक हिवाळा तिच्याबरोबर काढू दे, आणि तरीही घुसलाच तर त्याला डुकरांवरून काढ आणि घरी ठेव, चांगला कुत्रा आहे. तो लगेच हो म्हणाला. आता कोणीही डुकराने फाडलेलं कुत्रं आणलं की जखम बघता बघता मी विचारतेच, किती कुत्री सोडली होती आणि याच्या मागे कोण उभं होतं.