काचेतलं गोकुळ

टाकीत गप्पी माशांचा एक नर आणि तीन माद्या सोडल्या होत्या. गप्पीचा नर दिवसभर मादीच्या मागे हात धुऊन लागतो, एकटीच असली तर तिला दमवून टाकतो, तेव्हा माद्या जास्त ठेवा, असा सल्ला मिळाला होता. सल्ला माद्यांच्या भल्याचा होता. माझं भलं त्यात कुठे बसतं, ते विचारायचं राहून गेलं.

तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांत जाड मादीच्या पोटामागचा काळा डाग गडद झाला. काचेला नाक लावून पाहिलं, तर त्या डागातून टाचणीच्या टोकाएवढे डोळे दिसत होते. पिल्लांचे डोळे! घरात एकदम पहिलटकरणीची लगबग. लेकीने जाळीची छोटी पेटी टाकीत अडकवली आणि तिचं नामकरण केलं, ‘बाळंतिणीची खोली’. गप्पी अंडी घालत नाही, थेट पोहती पिल्लं देते आणि दिल्यावर मागे वळून त्यांतलीच काही गट्टम करते. हे कळल्यावर तर आम्हाला पुण्य कमावण्याचा झटकाच आला. रात्री टॉर्च घेऊन बसलो आणि खोलीच्या जाळीतून निसटलेलं एकूण एक पिल्लू गाळणीने टिपून वाचवलं. चौतीस.

पुढचा हिशेब कुणीही बोटांवर करावा. साधारण महिन्याला एक वेत, प्रत्येक वेताला वीस-तीस पिल्लं, कधी त्याहून बरीच जास्त. आणि तीन महिन्यांत लेकीही आया. सहा महिन्यांत चाळीस लिटरच्या टाकीत पाण्यापेक्षा शेपट्या जास्त दिसायला लागल्या. मासे मोजायला बसलं की दोन वेळा एकच आकडा कधी यायचा नाही. पाणी दोन दिवसांत गढूळ, सकाळी सगळे वर तोंडं काढून हवा हुंगताहेत. एवढ्या जिवांचा अमोनिया पचवायला फिल्टरमधले जिवाणू तरी किती पुरणार? मी बादल्या उपसत होते.

मासे मात्र नावाप्रमाणे गप्प. नावाचा खरं तर आपल्या ‘गप्प’शी काही संबंध नाही. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाच्या गृहस्थांनी त्रिनिदादहून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ साली त्यांचं नाव माशाला दिलं गेलं. पुढे लक्षात आलं की १८५९ मध्येच या माशाचं बारसं शास्त्रात होऊन गेलंय. शास्त्रीय नाव गेलं, हाकेचं राहिलं.

पहिला उपाय अर्थातच वाटप. शेजारच्या काकूंना चार दिले, वरच्या मजल्यावर सहा, लेकीच्या मैत्रिणींना बाटल्या भरभरून. पहिल्या महिन्यात लोक हौसेने न्यायचे. तिसऱ्या महिन्यात माझ्या हातात पाण्याची पिशवी दिसली की जिन्यातच कुणाला तरी फोन यायचा. ‘सोडून द्या की एखाद्या ओढ्यात,’ असंही एकाने सुचवलं. ते मात्र मी ठामपणे टाळलं. डासांच्या अळ्या खातात म्हणून जगात ठिकठिकाणी हे मासे असेच सोडले गेले आणि कित्येक पाण्यांत मूळच्या माशांना जड झाले. माझ्या घरात मला जे आवरेना, ते ओढ्याला कसं आवरणार?

मग घटस्फोट. नर आणि माद्या वेगळ्या टाक्यांत. नर ओळखणं सोपं, अंगभर रंग आणि पोटाखालचा पर काडीसारखा बारीक. मादीचा तोच पर पंख्यासारखा पसरट. पिल्लं तीन-चार आठवड्यांची होताच हे बघून निवडावी लागतात, कारण नर फार लवकर वयात येतात. मोठ्या समाधानाने मी माद्यांच्या टाकीवर झाकण ठेवलं. महिन्याभराने आत पिल्लं. त्याच्या पुढच्या महिन्याला पुन्हा. एकदा नराशी गाठ पडली की मादी त्याचं बीज महिनोन्महिने पोटात साठवून ठेवते आणि त्यावर एकामागून एक बाळंतपणं उरकते, हे ज्ञान मला त्या टाकीसमोर उभं राहून झालं. नरांना मी उगाच बदनाम करत होते.

वाचायला लागले तेव्हा त्रिनिदादचे ओढे भेटले. तिथे धबधब्यांच्या खाली, जिथे मोठे शिकारी मासे असतात, तिथल्या गप्पी लवकर वयात येतात आणि पुष्कळ, बारकी पिल्लं देतात. धबधब्यांच्या वर धोका कमी, तिथे उशिरा आणि मोजकी, पण मोठी पिल्लं. १९७६ साली जॉन एंडलर या जीवशास्त्रज्ञांनी खालच्या गप्पी अशाच एका निर्धास्त ओढ्यात नेऊन सोडल्या. अकरा वर्षांनी पाहिलं तर त्यांच्या वंशजांनी तिथली रीत उचलली होती, उशिरा आणि थोडी. म्हणजे निर्धास्तपणा मिळाला की गप्पी आपणहून आवरतं घेतात! माझ्याकडे फक्त अकरा वर्षं नव्हती.

शेवटी एक संध्याकाळ ‘बाळंतिणीची खोली’ उचलून माळ्यावर टाकली. पिल्लांना दडायला मिळणारं दाट जावा मॉस निम्मं काढलं, खाणं चिमटीभर केलं आणि गाळणी जागेवर ठेवली. पुढच्या वेताला मी मुद्दाम टॉर्च लावला नाही. सकाळी दोन पिल्लं होती. लेक दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मलाही काही फार बरं वाटलं नाही, पण पाणी नितळ होतं आणि वर तोंड काढून कुणी हवा हुंगत नव्हतं. जुन्या माद्या हळूहळू वयाने गेल्या, मागे उरलेले नुसते नर एकत्र केले. आता अकरा आहेत. कितीही वेळा मोजले तरी अकराच.

परवा दारावरची बेल वाजली. शेजारच्या काकू हातात भली मोठी बरणी घेऊन उभ्या. आत ठिपके, शेपट्या, पोटं, नुसती झुंबड.

“तुझेच आहेत गं,” त्या म्हणाल्या. “चार दिले होतेस ना?”

मी बरणी खिडकीच्या उजेडात धरली आणि एकेकाच्या पोटाखालचा पर बघायला लागले.