चा-ची-चेच्या पलीकडची षष्ठी

संस्कृत एम.ए.चा फॉर्म बाहेरून भरला तेव्हा षष्ठी विभक्तीची धास्ती नव्हती. शाळेतच पाठ झालेलं : षष्ठी म्हणजे चा, ची, चे. मराठीत रामाचा मुलगा, रामाची मुलगी असा प्रत्यय बदलावा लागतो. संस्कृतात दोन्हीकडे ‘रामस्य’. म्हणजे आणखी सोपं.

पहिल्याच सराव पेपरात ‘रुदतः प्राव्राजीत्’ आलं. ‘रडणाऱ्याचा’ लिहून मी अडले. रडणाऱ्याचा काय? पुढे नामच नाही. सीताबर्डीहून आणलेल्या जुन्या पुस्तकात सूत्र सापडलं, ‘षष्ठी चानादरे’. कुणाला न जुमानता काही केलं, तर त्या व्यक्तीला षष्ठी लागते, सप्तमीही चालते. मागे कुणी रडत राहिलं आणि तो संन्यास घेऊन निघून गेला. दोन शब्दांत एवढं!

पाणिनीचं मुख्य सूत्र ‘षष्ठी शेषे’ (अष्टाध्यायी २.३.५०) तेव्हा कुठे उमगलं. बाकीच्या विभक्तींनी सांगून जे उरतं, ते सगळं नातं षष्ठीकडे. मग मी रीत बदलली. ‘चा’ लावण्याआधी विचारायचं, या दोघांचं नातं कोणतं?

रामटेकला आम्ही लहानपणापासून जातो. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं नागपूरचे संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी मांडलं. म्हणून सरावाला त्याचाच पहिला श्लोक घेतला. ‘शापेनास्तंगमितमहिमा वर्षभोग्येण भर्तुः’. ‘शापेन’ ओळीच्या आरंभी आणि त्याचा ‘भर्तुः’ पार शेवटी. धन्याचा शाप, म्हणजे धन्याने दिलेला. ही कर्त्याची षष्ठी. रावणाच्या वधात मात्र रावणच मरतो, ती कर्माची. दुपारभर कूलरपुढे बसून मी अशा जोड्या वहीत उतरवत गेले.

‘आईची आठवण’पाशी हात थांबला. आईने काढलेली की आईबद्दल आलेली? स्मरणाच्या धातूंचं कर्म पाणिनी षष्ठीत घालतो (२.३.५२) : ‘मातुः स्मरति’. आमच्याकडे बायका ‘मायची याद येते’ म्हणतात, तीही षष्ठीच. माझी आई जाऊन त्या उन्हाळ्यात वर्ष झालं होतं.

परीक्षेत षष्ठीच्या उपयोगांवर प्रश्न आला. उदाहरणांत मी सगळ्यांत आधी ‘मातुः स्मरति’ लिहिलं.