सेनेका वाचायचा तर ५३व्या पत्रापासून

इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने लुसिलियस या मित्राला लिहिलेली १२४ पत्रं आज हाती आहेत. कोकणातल्या वाचकाने पहिलं सोडून सरळ ५३वं उघडावं. नेपल्सहून जवळच्या पुतेओली बंदराला निघालेली होडी, निम्म्या वाटेत खवळलेला दर्या, आणि मळमळ सोसेना म्हणून किनाऱ्याजवळ पाण्यात उडी टाकणारा साठीपलीकडचा तत्त्वज्ञ! आगोटीच्या तोंडावर खाडी ओलांडलेल्यांना हे समजावायला नको. खरा मुद्दा पुढे येतो: शरीराचं दुखणं बळावलं की कळतं, मनाचं जितकं बळावेल तितकं कमी जाणवतं.

मग ७७वं. अलेक्झांड्रियाची जहाजं वरच्या शिडावरून ओळखू येतात, सगळी गर्दी धक्क्याकडे धावते, सेनेका मात्र आपल्या टपालाची घाई करत नाही. (त्याच शतकात आपलं चौल ग्रीक खलाशांना ‘सेमुल्ला’ म्हणून ठाऊक होतं.)

१८व्यातला प्रयोग करून बघण्याजोगा आहे: तीन-चार दिवस जाडंभरडं अन्न, खरखरीत कपडे. एकच दिवस केला तर ती नुसती हौस होते.

पहिल्या २९ पत्रांच्या शेवटची सुवचनं मात्र जपून वापरा. त्यातली पुष्कळशी एपिक्युरस या दुसऱ्या पंथाच्या ग्रीक तत्त्वज्ञाची आहेत, आणि सेनेका तसं स्वतःच सांगतो.